लाल कागदातून दुहेरी ‘शी’ कसे कापावे

चिनी लग्नघराच्या दारावर, खिडक्यांच्या काचांवर आणि वधूवरांच्या खोलीत चिकटवलेले लाल चिन्ह म्हणजे ‘शी’, अर्थात आनंद, या अक्षराची एकमेकांना जोडलेली जोडी होय. मराठी कानाला हा उच्चार खटकेल, पण त्याला इलाज नाही. या जोडीला ‘श्वांग-शी’, म्हणजे दुहेरी आनंद, म्हणतात. मूळ अक्षरात वर ढोल आणि खाली मुख आहे, असे पारंपरिक स्पष्टीकरण दिले जाते. चीनच्या सोंग राजवंशाच्या काळातील मुत्सद्दी आणि कवी वांग आन्शी (१०२१–१०८६) याला लग्नाच्याच दिवशी राजपरीक्षेतील, म्हणजे सरकारी अधिकारी निवडण्याच्या परीक्षेतील, यशाची वार्ता कळली, म्हणून त्याने हे अक्षर दोनदा लिहिले, अशी लोककथा आहे. ती इतिहास म्हणून वाचू नये.

कापण्यासाठी १६ सेंटिमीटरचा पातळ लाल चौकोनी कागद घ्यावा. तो उभा मध्यावर दुमडून पुन्हा उभाच दुमडला की ४ सेंटिमीटर रुंदीची चार पदरी पट्टी होते. तिच्या एका कडेला दोन घड्या एकत्र येतात. तीच प्रत्येक ‘शी’ची मध्यरेषा असल्याने अर्ध्या अक्षराचे रेखाटन तिथूनच सुरू करावे. वरून खाली येताना आधी एक लांब आडवी रेघ, तिला छेदणारा उभा दांडा, त्याखाली आखूड रेघ, मग चौकट, तिच्या खाली एक तिरका फराटा, पुन्हा लांब आडवी रेघ आणि शेवटी आणखी एक चौकट, असा क्रम ठेवावा. दांडा पहिल्या चौकटीपर्यंत पोहोचवावा. शेवटच्या चौकटीच्या बाजू वरच्या रेघेला भिडवाव्यात, नाहीतर ती गळून पडते.

सर्वांत जास्त चुका खालच्या लांब रेघेत होतात. ती पट्टीच्या दुसऱ्या कडेपर्यंत गेलीच पाहिजे, कारण दोन्ही ‘शी’ तिनेच जोडले जातात. ती आखूड झाली, तर घडी उलगडताना हाती दोन सुटी अक्षरे येतात, आणि लग्नाच्या चिन्हात याहून विसंगत काही नसावे. चौकटींच्या आतील जागा घडीच्या बाजूने कापाव्यात, बाकीच्या फटी बाहेरून.

चिन्ह पांढऱ्या कागदातून कापू नये, कारण चीनमध्ये पांढरा रंग परंपरेने शोकाचा मानला जातो. नववर्षाला ‘फू’, म्हणजे सौभाग्य, हे अक्षर मुद्दाम उलटे लावण्याची प्रथा आहे. दुहेरी ‘शी’ मात्र सुलटेच लावावे.