'तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का?' या रकान्यात या चुका टाळा

मी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात बरीच वर्षं गोपनीय शाखेचं, म्हणजे चारित्र्य पडताळणीचं, काम पाहिलं. भरतीत निवड झालेल्या पोराचा साक्षांकन नमुना (स्वतःची माहिती लिहून सही केलेला फॉर्म) आमच्याकडे यायचा आणि आम्ही त्याचं नाव रजिस्टरात शोधायचो. आता सीसीटीएनएसवर, म्हणजे पोलिसांच्या संगणकीय नोंदीत, ते लवकर सापडतं. पोरं मैदानात सरस, लेखी परीक्षेतही पुढे. घोळ मात्र दरवेळी त्याच एका रकान्यात.

"दंड भरला, मिटलं"

पोळ्याला आमच्याकडे पत्ते बसतात, हे कोणाला सांगायला नको. एका गावात समाजमंदिरामागे बसलेला अख्खा डाव बीट जमादाराने उचलला. त्यात नुकता अठरा पार केलेला एक पोरगा होता. जुगार कायद्याचं कलम १२ लागलं. कोर्टात सगळे ओळीने उभे राहिले, "गुन्हा कबूल" म्हणाले, दोनशे-दोनशे रुपये भरले आणि संध्याकाळच्या एसटीने गावी परतले.

पुढे हा पोरगा भरतीत लागला. नमुन्यात प्रश्न होते: कधी अटक झाली का, खटला चालला का, दंड झाला का, दोषी ठरलात का. चारही ठिकाणी 'नाही'. बोलावून विचारलं तर म्हणतो, "ते तं तवाच दोनशे रुपयात मिटलं ना सर, आता केस कुठी हाये?"

कोर्टात कबुली देऊन दंड भरणं म्हणजे दोषी ठरणं. रक्कम दोनशे असो की वीस हजार, रेकॉर्डला ती शिक्षाच. पत्त्यांचा डाव कदाचित कोणी मनावर घेतला नसता, पण खोटी उत्तरं घेतली गेली. निवड रद्द झाली. बापाने तुरीचे पैसे अकॅडमीच्या फीमध्ये घातले होते, ते गेलेच.

वर्धा-गडचिरोलीकडे हेच दारूबंदीच्या केसमध्ये होतं. चंद्रपुरात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, तेव्हाच्या केसेसही अजून फॉर्मात आडव्या येतात. "कबूल कर, आजच मोकळा होशील" या सल्ल्याची मला चीड आहे. एक तारीख वाचते आणि नोंद जन्मभराची राहते. भरतीची तयारी करणाऱ्या पोराने निदान स्वतःच्या वकिलाला विचारल्याशिवाय कबुली देऊ नये.

सेंटरवाल्याच्या हाती फॉर्म

ऑनलाइन सेंटरवर गर्दी असते, तो भराभर 'नाही'वर टिचकी मारत जातो. वर मित्राचा सल्ला: "काही नाही होत बे, कोण पाहते?" पाहणारा मीच होतो! खाली सही तुमची असते, सेंटरवाल्याची नाही. खोटी माहिती दिली किंवा लपवली तर नोकरी जाईल, ही ताकीद त्याच नमुन्यावर छापलेली असते.

सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात हा विषय सविस्तर हाताळला. कोवळ्या वयात घोषणा दिल्यासारखी क्षुल्लक केस लपवली गेली असेल, तर नोकरी देणारा ती चूक सोडून देऊ शकतो. मात्र खरं लिहिलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी, असंही नाही. केसचं स्वरूप पाहायचा हक्क त्याचा राहतो. केस गंभीर असेल तर खरं लिहूनही दार बंद होऊ शकतं. मी कोणाला खोटी आशा दाखवत नाही.

बाकीच्या चुका

"निर्दोष सुटलो, मग कशाला लिहू?" खटला चालला होता का, असं विचारलंय ना? मग लिहा. लोकअदालतीत तडजोड झाली असेल तरी तसंच.

निवडणुकीत, गणपतीत निघणारी चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई (सीआरपीसीचं जुनं कलम १०७, आता बीएनएसएसचं १२६), ही शिक्षा नव्हे. पण तहसीलदारापुढे शांतता राखण्याचा बाँड (हमीपत्र) दिला असेल आणि प्रश्न बाँडचा असेल, तर उत्तर 'हो'.

"ती नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) होती" हे ऐकीव धरू नका, ठाण्यात जाऊन नंबर पाहा.

अठराच्या आतलं प्रकरण असेल तर उलट घाईने 'हो' लिहू नका. बाल न्याय कायद्याचं कलम २४ अशा पोरांना बहुतांश प्रकरणांत संरक्षण देतं. आधी वकील गाठा.

पासपोर्टला कोर्टात केस चालू असेल तर त्या कोर्टाची परवानगी आणावी लागते. लपवणं हा पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली वेगळा गुन्हा आहे.

ओळखीतल्या गुरुजींचा मुलगा अमेरिकेत नागरिकत्वाचा अर्ज भरत होता. कॉलेजातल्या आंदोलनात त्याला इथे अटक झाली होती. "इथली केस तिकडे कोण पाहते?" हा गुरुजींचा प्रश्न. तिथला एन-४०० फॉर्म जगात कुठेही झालेली अटक विचारतो, रेकॉर्ड पुसलं गेलं असलं तरीही. लपवलेलं नंतर उघड झालं तर मिळालेलं नागरिकत्वही काढून घेता येतं. त्याने इथून निकालाची नक्कल मागवून अर्जाला जोडली.

माझी सवय सांगतो. फॉर्म उघडण्याआधी वहीत प्रत्येक केसचा गुन्हा नंबर, कलम, कोर्टातला खटला नंबर (एस.सी.सी. वगैरे), निकाल आणि तारीख लिहून घ्या. नंबर आठवत नसेल तर ई-कोर्ट्सवर नावाने शोधा. नक्कल मिळायला वेळ लागतो, म्हणून नकलेचा अर्ज भरतीची जाहिरात निघायच्या आधीच टाका. आणि फॉर्म दिल्यानंतर नवीन केस लागली, तर तीही लेखी कळवून पोच घ्या.