गटनिवासात कॅमेऱ्याआधी दाराकडे बघा

बौद्धिक दिव्यांगांच्या गटनिवासात रात्री कोणी दार उघडून रस्त्यावर जाईल ही भीती असेल, तर आधी कॅमेऱ्यावर पैसे घालू नका. काळजीवाहूला डुलकी लागली की कॅमेरा म्हणजे दुसऱ्या दिवशी बघायची सोय. दाराला चुंबकी सेन्सर लावा. दार उघडलं की चुंबक स्विचपासून लांब जातो आणि बेल वाजते.

स्विच चौकटीला, चुंबक फळीला. कडीच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात. दार मिटल्यावर दोघांत 5 ते 10 मिलिमीटर अंतर ठेवा. दार लोखंडी असेल तर चुंबकाखाली लाकडाची चीप घाला, नाहीतर लोखंड त्याची ओढ खाऊन टाकतं. खरी डोकेदुखी जूनपासून. गोव्याच्या पावसात लाकडी दार फुगतं, चौकटीत पूर्ण बसत नाही, अंतर वाढतं आणि बेल रात्रभर वाजते. मग कोणीतरी वैतागून बटण बंद करतं, ते चतुर्थी उलटली तरी बंदच! भर जुलैत सुताराकडून भरपूर रंधा मारून घेऊ नका. मार्चमध्ये तेच दार खडखडेल. अडतं तेवढंच तासा आणि चुंबक लांबट भोकांच्या पट्टीवर बसवा, म्हणजे स्क्रू सैल करून सरकवता येतो.

बेल काळजीवाहूच्या उशाशी वाजू दे, ओसरीवर नको. कर्कश आवाजाने ऑटिझम असलेले काही जण बिथरतात. बाहेरून कुलूप तर कधीच नको. आग लागली तर?

कॅमेरा लागलाच, तर फाटक, ओसरी, बैठकीची खोली. झोपायची खोली आणि न्हाणीघर नाही. आवाजाचं रेकॉर्डिंग बंद.

कॅमेऱ्याच्या संमतीत हमखास घोळ होतो. 18 वर्षं पूर्ण झाली की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. पालक नेमण्यासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. त्या आदेशाची प्रत फाइलला लावा. तरीही राहणाऱ्याला स्वतःला विचाराच. बोलता येत नसेल तर कॅमेऱ्यात काय दिसतं ते मोबाइलवर दाखवा. त्याने मोबाइल ढकलला, तर ते उत्तरच आहे.

2 मेगापिक्सेलचा कॅमेरा 2 एमबीपीएसवर (सेकंदाला 2 मेगाबिट) दिवसाला साधारण 22 जीबी खातो. चार कॅमेऱ्यांच्या 15 दिवसांना 2 टीबीची डिस्क पुरते. वीज गेली की छोटा यूपीएस तासभरही धड टिकत नाही, घरच्या इन्व्हर्टरवरच जोडा. वीज परत आली की रेकॉर्डरचं घड्याळ बघा. आतला नाण्याएवढा सेल मेला असेल तर तारीख मागे जाते आणि हवं ते फुटेज सापडत नाही.