डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला वाचायला आणि स्वतःची गरज सांगायला कसे शिकवावे

निदान झालेले आहे आणि डोळे व कान तपासून झाले आहेत, असे मी गृहीत धरते. रंगीत चष्मे वापरणे आणि एकच उतारा दहा वेळा लिहून काढायला लावणे, हे दोन्ही उपाय आजच बंद करावेत. 'डिस्लेक्सिया' हा शब्द १८८७ मध्ये आपल्या ग्रंथात वापरणारे रुडॉल्फ बर्लिन नेत्रवैद्य होते खरे. पण मूळ अडचण डोळ्यांत नसून शब्दातील ध्वनी सुटे करण्यात आणि ते अक्षरांशी जोडण्यात असते.

वाचनासाठी रोज वीस मिनिटे द्यावीत: ध्वनी म्हणावा, अक्षर गिरवावे, मग शब्द वाचावा. पहिली वेलांटी व्यंजनाआधी लिहिली जाते आणि तिचा उच्चार नंतर होतो, तर 'सूर्य'मधील रफार 'य'च्या डोक्यावर बसतो आणि त्याचा उच्चार आधी होतो. म्हणून या दोन खुणा एकाच आठवड्यात शिकवू नयेत.

खरे अवघड काम पुढचे आहे, ते म्हणजे मुलाने स्वतःची गरज स्वतः सांगणे. अनेक वर्षे हे काम मुलांच्या वतीने मीच करत होते. एका मुलीसाठी मी तिच्या शिक्षकांना सवलती मागणारे सविस्तर पत्र लिहिले. त्यांनी ते वाचून 'तुला नेमके काय हवे?' असे तिला आपुलकीनेच विचारले आणि ती गप्प उभी राहिली, कारण त्यातील कोणती सवलत आपल्या उपयोगाची आहे हे तिला ठाऊक नव्हते. ते मलाही ठाऊक नव्हते. मी ठरावीक यादी उतरवली होती.

तेव्हापासून मी आधी पडताळणी करून घेते. सारख्याच काठिण्याचे तीन उतारे घ्यावेत. एक मुलाने नेहमीच्या वेळेत वाचावा, दुसरा दीडपट वेळेत, तिसरा त्याला वाचून दाखवावा, आणि प्रत्येकावरील पाच प्रश्नांपैकी किती बरोबर आले हे त्याने स्वतः वहीत लिहावे. उतारे बदलून हे चार-पाच वेळा केले की उपयोगाचे काय, ते त्यालाच दिसते.

त्या नोंदींवरून त्याच्याच शब्दांत वाक्य तयार करावे. 'मला डिस्लेक्सिया आहे' एवढ्याने भागत नाही, कारण आपण काय करायचे हे ऐकणाऱ्याला कळत नाही. 'प्रश्न मी वाचला की शब्द सुटतात, कोणी वाचून दाखवला की उत्तर येते. तुम्ही वाचून दाखवाल का?' हे चालते. मोठ्यांनी ते भारदस्त करू नये. घोकलेले वाक्य पहिल्याच उलट प्रश्नाला कोलमडते. म्हणून सराव उलट प्रश्नांचा करावा, विशेषतः 'मग बाकीच्यांवर अन्याय नाही का?' या प्रश्नाचा.

पहिली विनंती होकाराची खात्री असलेल्या शिक्षकांकडे, वर्गाबाहेर करावी. पालक सोबत असतील तर त्यांनी मध्ये बोलू नये. मूल अडखळले तरी मनात दहापर्यंत आकडे मोजावेत, जे मला अजूनही जड जाते. नकार आलाच, तर मुलाने वाद न घालता वही उघडून आकडे दाखवावेत आणि पुन्हा केव्हा विचारू, एवढेच विचारून यावे.