क्रूझवर चुरगळलेले सुती कपडे: इस्त्रीशिवाय जमलेला उपाय

क्रूझवर बॅग उघडली की सुती कुर्ता, लिननचा शर्ट चुरगळलेला. आगीच्या धोक्यामुळे केबिनमध्ये इस्त्री, स्टीमर चालत नाहीत. बाथरूममध्ये गरम पाण्याची वाफ केली, तर एक्झॉस्टने ती ओढून घेतली. गादीखाली ठेवले, तर नव्या घड्या पडल्या. फार वैताग आला.

जमलं ते असं. रात्री कपडा हँगरवर लावून सगळी बटणं लावा. स्प्रे बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा, चुण्यांवर थोडा जास्त, पण ठिबकेल इतका नको. खालची कड एका हाताने ताणून दुसऱ्या तळव्याने वरून खाली सपाट करा. कॉलर आणि शिवणी बोटांनी ओढा. मग एसीच्या झोतात टांगा. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, चुंबकी हुक पक्का बसतो. बाल्कनीत नको, समुद्राच्या दमट हवेत कपडा लवकर वाळत नाही. लिननला हे दोनदा करावं लागतं. रेशमावर मात्र फवारा मारू नका, पाण्याचे डाग राहतात.