घरच्या घरी जुनी कॉन्टेसा दुरुस्त करून पुन्हा उभी करताय? कोकणात या चुका टाळा

हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाला आपल्याकडे देशी मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाची गाडी म्हणतात, पण ते त्या लांबलचक बोनेटमुळे जास्त, कारण १९८४ला आली तेव्हा आत अ‍ॅम्बेसेडरचंच १.५ लिटर इंजिन होतं, इसुझूचं १.८ नंतर आलं. इंजिनाचं होतं हो कसंतरी, इथे खरा वैरी गंज.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गणपतीची डेडलाईन. चाकरमानी यायच्या आत गाडी खळ्यात चकचकीत उभी पाहिजे म्हणून लोक भर पावसात कलर मारतात, साधा प्रायमर, म्हणजे कलरखालचा थर, ओल पितो, वर कलर बसतो आणि काही महिन्यांत फोड. नखाने उचकटा, खाली तांबडी पावडर. शिमग्याला काढा ना गाडी, कोण नको म्हणतंय! पत्रा, पुट्टी, कलर हे नोव्हेंबर ते मे, आणि पावसात कार्बोरेटर, वायरिंग, सीट अशी पडवीत बसून होणारी कामं. घासलेला उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका, खाऱ्या हवेत सकाळीच तांबूस दिसतो, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा.

ताडपत्री घट्ट गुंडाळणं हीपण चूकच, आत घाम धरतो. मांगरात, म्हणजे गाडी ठेवता त्या शेडमध्ये, वारा खेळता ठेवा, जमीन मातीची असेल तर खाली जाड प्लास्टिक.

गाडी जांभ्याच्या चिऱ्यांवर (दगडी ठोकळ्यांवर) चढवून खाली शिरणारे खूप पाहिलेत. जांभा चीर न दिसता फुटतो राव, जीव जाईल. लोखंडी स्टँडच घ्या.

या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा नाही, बॉडीच चासी. दारांखालचे दोन्ही बाजूंचे कुजलेले पत्रे एकदम कापले की गाडी मधे खचते आणि मग दारं काही केल्या लागत नाहीत. आधी दाराच्या चौकटीत आडवे पाईप टाचून घ्या, एक बाजू पूर्ण करा, दारं लावून गॅप बघा, मगच दुसरी. वेल्डिंगआधी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी दोन्ही बाहेर.

वर्षानुवर्षं बंद इंजिनाला थेट सेल्फ मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन दिवस मुरू द्या, मग पान्याने हळूहळू फिरवा. टाकीतलं जुनं पेट्रोल फेका, आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल ओढतं, जुन्या रबरी नळ्यापण खातं, त्या बदलाच. उंदीर वायरिंग खातात ते वेगळं.

आणि पत्र्यावर पैसे घालायच्या आधी आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचे कागद बघा. १५ वर्षांनंतर आरटीओत गाडी तपासून पुढे ५-५ वर्षांसाठी रिन्यू होते, मालक वारलेले असतील तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या. चासी नंबर कोरलाय तिथे खडूने गोल करून डेंटरला दाखवून ठेवा, गंज घासताना ग्राइंडर फिरला आणि नंबर उडाला तर एवढी केलेली गाडी पासिंगलाच अडकेल.