सातपुड्याची एक दिवसाची खासगी सहल : या चुका टाळा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारहून पहाटे निघावे, उत्तरेला सातपुड्यात किंवा दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याच्या रांगेत दिवस घालवावा आणि रात्री जेवायला घरी परतावे, अशी स्वतंत्र गाडी आणि वाटाड्या घेऊन केलेली सहल आता खानदेशातील अनेक कुटुंबे करू लागली आहेत. पाहुणे आले की तोरणमाळ, पाटणादेवी, पाल किंवा मनुदेवी ही नावे आपोआप निघतात. या सहलींत होणारे बहुतेक बिघाड मात्र आदल्या आठवड्यात फोनवर झालेल्या अर्धवट बोलण्यातच रुजलेले असतात. गाडी ठरते, दर ठरतो, निघण्याची वेळ ठरते. पण डोंगरात गेल्यावर सोबत कोण असेल, कोणत्या वाटेने जायचे आणि किती वाजता मागे फिरायचे, हे कोणीच विचारत नाही.

चालकालाच वाटाड्या समजणे

ही सर्वांत मोठी चूक आहे आणि तिच्यातून पुढच्या निम्म्या चुका निघतात. ‘गाइडसह सहल’ असे सांगून शहरातून जी व्यवस्था दिली जाते, तिच्यात पुष्कळदा एक चालक असतो, ज्याने ते ठिकाण याआधी पाहिलेले असते, एवढेच. तो रस्ता दाखवू शकतो, चहा कोठे चांगला मिळतो हे सांगू शकतो. पण गाडी लावल्यानंतर पायवाटेवर तो आपल्याबरोबर येत नाही. त्याने यावे, अशी अपेक्षाही करू नये, कारण गाडीजवळ थांबणे हे त्याचे काम आहे आणि परतीच्या प्रवासासाठी त्याला विश्रांती मिळालीच पाहिजे.

पितळखोऱ्याचे उदाहरण पाहावे. इसवी सनापूर्वीच्या काळात कोरलेली ही लेणी पाहण्याचे दोन मार्ग आहेत. एक कन्नडच्या बाजूने, जेथे गाडी वरपर्यंत जाते आणि पायऱ्या उतरून लेण्यांत पोहोचता येते. दुसरा चाळीसगावच्या बाजूने, पाटणादेवीच्या मंदिरापासून गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या जंगलातून चढत जाणारा. ‘पाटणादेवी आणि पितळखोरे’ असे एका दमात ठरवून निघालेल्या मंडळींना मंदिराशी उतरवून चालक वर बोट दाखवतो, आणि मग चामड्याच्या चपला घातलेली माणसे भर दुपारी ओढ्यातील दगडधोंड्यांवरून चालू लागतात. पायी जायचे असेल तर ती वाट रोज तुडवणारा माणूस सोबत हवा, आणि पायी जायचे नसेल तर गाडी औट्रम घाट चढवून वरच्या बाजूला न्यायला हवी. ऑगस्ट २०२१च्या अखेरीस याच घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती, त्यामुळे पावसाळ्यात घाट चालू आहे की नाही, याची चौकशी निघण्यापूर्वी करावी. यातील काय करायचे हे घरीच ठरले पाहिजे, कारण मंदिराशी उभे राहून ठरवायला घेतले तर दोन्हींपैकी एकही धड होत नाही.

वाटाड्या शक्यतो त्याच गावचा किंवा पाड्याचा असावा. सातपुड्यात पावरा आणि भिल्ल समाजाची वस्ती आहे आणि कोणता झरा जानेवारीनंतर आटतो, कोणत्या कड्यावर यंदा आग्या मोहोळ लागले आहे, ओढ्यावरची कोणती फरशी (बुटका पूल) पहिल्या पावसात पाण्याखाली जाते, हे ज्ञान तेथे राहणाऱ्यांकडेच असते. ते कोणत्याही नकाशात मिळत नाही. ग्रामपंचायत, वनरक्षक, गावातील किराणा दुकानदार किंवा शाळेतील शिक्षक यांच्यामार्फत दोन-तीन दिवस आधी निरोप पाठवावा आणि मोबदला आधीच स्पष्ट बोलून घ्यावा. तो शहरातील व्यवस्थापकाच्या हातून न देता थेट वाटाड्याच्या हातात रोख द्यावा, कारण डोंगरात रेंज नसली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत आणि मध्ये हात जितके जास्त, तितका त्याचा वाटा कमी.

येथे एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे. वाटेत भेटलेल्या माणसाला ‘जवळ आहे का?’ असे विचारू नये. रोज बाजाराला डोंगर उतरून जाणाऱ्या माणसासाठी ते खरोखरच जवळ असते, आणि ‘हे काय, आठेच शे’ (इथेच तर आहे) हे उत्तर तो प्रामाणिकपणेच देतो. त्याऐवजी असे विचारावे : “दादा, लहान मुले बरोबर असतील आणि आठला निघालो, तर परत इथे किती वाजता येऊ?” या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते, आणि ते बहुधा आपल्या अंदाजाच्या दीडपट असते.

वाटाड्या मिळणारच नाही, असेही काही दिवस असतात. होळीच्या आठवड्यात, भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत, दिवाळीला अस्तंब्याच्या यात्रेच्या वेळी आणि महाशिवरात्रीला तोरणमाळच्या यात्रेत डोंगरातला प्रत्येक माणूस आपल्या घरच्या किंवा देवाच्या कामात असतो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला किंवा मजुरीसाठी गुजरातेत गेलेली असतात, त्यामुळे गेल्या वर्षीचा वाटाड्या यंदा गावात असेलच, असे धरून चालू नये. यात्रेच्या दिवशी जायचेच असेल, तर यात्रेकरू म्हणूनच जावे. त्या दिवशी निवांत निसर्गदर्शन घडत नाही.

किलोमीटर मोजून दिवस आखणे

शहाद्याहून तोरणमाळ सुमारे ५५ किलोमीटर आहे. सपाटीवर हे अंतर तासाभराचे, पण शेवटच्या टप्प्यात सातपायरी घाटाची वळणे आहेत आणि पावसाळ्यात व थंडीच्या सकाळी तेथे धुके उतरते. धुळे आणि नंदुरबारहून तोरणमाळची एक दिवसाची सहल चांगली होते. जळगावहून मात्र चोपडा, शिरपूर, शहादा असे करीत जाणे सुमारे दोनशे किलोमीटरचे पडते, म्हणजे एका दिवसात जाऊन-येऊन चारशे. ही सहल एका दिवसात विकणारे भेटतात, पण माझ्या मते ती घेऊ नये. इतका प्रवास करून गोरखनाथाचे मंदिर, यशवंत तलाव आणि सीताखाई ही तिन्ही ठिकाणे घाईघाईत पाहण्यापेक्षा तेथे मुक्काम करावा, किंवा जळगावकरांनी यावल अभयारण्याकडचे पाल, आडगावजवळची मनुदेवी अथवा ६० किलोमीटरवरील अजिंठा निवडावा. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि खासगी गाडी फर्दापूरच्या फाट्यावर सोडून पुढे एसटीच्या बसने जावे लागते, हे ठाऊक नसल्यामुळे आजही अनेकांचा दिवस वाया जातो.

दिवस आखताना सूर्यास्तापासून उलटे मोजत यावे. डिसेंबरमध्ये आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो, आणि खोल दरीत तर चार-साडेचारलाच ऊन निघून जाते. शेवटची पायवाट चार वाजता संपली पाहिजे आणि घाट उजेडात उतरला पाहिजे. या दोन वेळा पक्क्या करून मग सकाळी किती वाजता निघायचे ते ठरवले, तर ‘आठ वाजता नाश्ता करून निघू’ हा बेत आपोआप गळून पडतो. पहाटे पाचला घर सोडावे आणि दशम्या, ठेचा व शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्यावी. डोंगरात आयत्या वेळी जेवण मिळेल, असे गृहीत धरू नये. वाटाड्याच्या ओळखीने एखाद्या घरी भाकरी-भाजी सांगता येते, पण ती आदल्या दिवशी सांगावी लागते आणि माणसे नेमकी किती ते कळवावे लागते.

गाडी, कागद आणि हिशेब

पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेऊ नये. भाड्याची प्रवासी गाडी पिवळ्या पाटीची आणि परवाना असलेली हवी, नाहीतर अपघात झाल्यास विम्याची भरपाई अडते. तोरणमाळच्या पुढे किंवा खेतियाच्या बाजूने मध्य प्रदेशात शिरायचे असेल, तर तेथे जाण्याचा परवाना गाडीकडे आहे का, ते विचारून घ्यावे.

दराविषयी चार गोष्टी लिहून मागवाव्यात : दिवसाचे किमान किलोमीटर किती धरले आहेत (२५० किंवा ३०० असा हिशेब बऱ्याच ठिकाणी असतो), मोजणी आपल्या दारापासून की गाडीमालकाच्या दारापासून, चालकाचा भत्ता त्यात आहे की वेगळा, आणि टोल, वाहनतळ व अभयारण्याचे प्रवेश शुल्क कोणी भरायचे. सातजणांच्या गाडीत नऊजण बसवणे सपाटीवर चालून जाते, पण घाटात त्याचा त्रास ब्रेकना होतो. सीएनजीची गाडी असेल तर शेवटच्या शहरातच पेट्रोलची टाकीही भरून घ्यावी.

चालकाने आदल्या रात्री लग्नाची वरात किंवा लांबचे भाडे केले नाही ना, हे विचारायला संकोच वाटू देऊ नये. लग्नसराईत हा प्रश्न गाडीच्या टायरांइतकाच महत्त्वाचा आहे.

ऋतू न पाहता जाणे

सातपुड्याचे जंगल मुख्यतः सागाचे आणि पानगळीचे आहे. फेब्रुवारीपासून पाने गळतात आणि मार्च ते मेपर्यंत त्या जंगलात सावली जवळजवळ नसते. वर तोरणमाळला हवा थंड असली, तरी तेथे पोहोचण्यासाठी जो तापी खोऱ्याचा पट्टा ओलांडावा लागतो, तेथे पारा ४३-४५ अंशांवर गेलेला असतो. वाळलेल्या सागाच्या पानांवर उतारावर पाय घसरतो, आणि त्याच पानांत पडलेली विडी डोंगर पेटवते. म्हणून उन्हाळ्यात चूल मांडणे, शेकोटी करणे, धूम्रपान करणे हे सर्व पूर्णपणे वर्ज्य करावे. मोहफुलांच्या दिवसांत बायका-मुले पहाटेपासून झाडाखाली फुले वेचत असतात. तेथे गाडी लावू नये आणि विचारल्याशिवाय त्यांची छायाचित्रे काढू नयेत.

अभयारण्यात, मग ते यावल असो की गौताळा, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीने आणि नियम पाळूनच जाता येते. ही परवानगी कोण काढणार, हेही आधीच्या बोलण्यात ठरले पाहिजे.

पाऊस संपल्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. ऐन पावसात जाणाऱ्यांनी ओढ्यांविषयी पुढचा भाग नीट वाचावा.

अडचण आलीच तर

ओढ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, त्यात काटक्या व पाचोळा वाहू लागला किंवा वरून घरघर ऐकू आली, तर आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर लोंढा सुटला आहे असे समजावे आणि सामान सोडून तत्काळ उंचावर जावे. पलीकडे अडकल्यास पाणी ओलांडण्याचा प्रयत्न करू नये. डोंगरातला ओढा जसा चढतो तसाच उतरतो आणि काही तास थांबणे पुरते. फरशीवरून पाणी वाहत असताना चालक ‘काढतो मी गाडी’ म्हणाला, तरी त्याला ठामपणे नाही म्हणावे.

आग्या मोहोळ उठले तर हात झाडत एका जागी उभे राहू नये. चेहरा ओढणीने किंवा उपरण्याने झाकून पळत सुटावे आणि गाडीत शिरून काचा बंद कराव्यात. नंतर नांग्या लगेच खरवडून काढाव्यात. कड्यांखाली धूर करणे, अत्तर लावून जाणे आणि मोठ्याने ओरडणे मुळातच टाळावे.

उन्हात चालताना कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापले, तर तो साधा थकवा नव्हे. सावलीत निजवून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ला फोन करावा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. सर्पदंशात चिरा देणे, आवळून बांधणे, रक्त शोषणे यांतील काहीही करू नये. दंश झालेला अवयव हलू न देता ग्रामीण रुग्णालय गाठावे. ते कोठे आहे आणि डोंगरात रेंज नेमकी कोणत्या टेकाडावर येते, या दोन गोष्टी वाटाड्याला सकाळीच विचारून ठेवाव्यात.

घाट उतरताना ब्रेकचा जळका वास आला, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून अर्धा तास थंड होऊ द्यावी आणि तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये. त्यानंतर ज्या गिअरमध्ये चढ चढलो, त्याच गिअरमध्ये उतरावे.

परतताना

वाटाड्याला डांबरी रस्त्यावर उतरवून निघून जाणे ही चूक सर्रास होते. सकाळी त्याच्या पाड्यावरून त्याला घेतले असेल, तर संध्याकाळी तेथेच सोडावे, आणि त्यासाठी लागणारा अर्धा तास आखणीत आधीच धरावा. अंधार पडल्यावर त्याने एकट्याने जंगलातून पायी जावे, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

उशीर झालाच, तर तो भरून काढण्यासाठी चालकाला घाई करायला लावू नये. गळीत हंगामात शहादा-शिरपूर पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी नसतानाही रात्रभर चालतात, आणि यावल-रावेरच्या बाजूने केळीचे ट्रक वेगाने निघालेले असतात. चालकाच्या शेजारी वाटेत झोपणार नाही असा एक माणूस बसवावा, चालकाचे रात्रीचे जेवण आपल्याबरोबरच करावे, आणि त्याला झोप येत असल्याचे दिसले तर पहिल्याच वस्तीच्या गावात गाडी थांबवून त्याला झोपू द्यावे, मग घरी पोहोचायला मध्यरात्र झाली तरी चालेल.