उन्हाळ्यात कुत्र्या-मांजराला गाडीत ठेवायची वेळच येऊ नये म्हणून काय करायचं, आणि ऊन लागलंच तर आधी काय करायचं

मागच्या एप्रिलमध्ये चुलत बहिणीच्या लग्नाचा बस्ता काढायला आम्ही सगळे नव्या पेठेत गेलो होतो. आमचा गुंड्या, सहा वर्षांचा लॅब्रॅडोर, मागच्या सीटवर होता. ठरलं असं होतं की दादा एसी लावून गाडीत बसेल. पण वरून काकूंचा फोन आला, साड्यांची निवड अडलीये जरा वर ये, आणि दादा काचा दोन बोटं खाली घेऊन, गाडी बंद करून, पाच मिनिटांत येतो म्हणून वर आला. बस्ता कसा असतो ते सोलापूरकरांना सांगायला नको, बघता बघता पंचवीस मिनिटं गेली.

मी खाली उतरले तेव्हा सीट कव्हर लाळेनं भिजलेलं होतं, साधी लाळ नाही, डिंकासारखी चिकट आणि फेसाळ. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबत होती, रंग विटेसारखा लाल. माझ्याकडे बघितलं पण शेपूट हलली नाही. दार उघडल्यावर उतरायला गेला तर मागचे पाय सरळ दुमडले. दुकानातल्या पोरानं पिण्याच्या पाण्याचा अख्खा जार आणून त्याच्यावर ओतला म्हणून आज गुंड्या आहे. त्यानंतर डॉक्टरांना विचारून विचारून जे कळलं आणि जे आम्ही आता पाळतो ते सगळं खाली लिहितेय.

आधी हे समजून घ्या

काचेतून ऊन आत येतं, डॅशबोर्ड आणि सीट तापतात, आणि ती उष्णता काचेतून परत बाहेर जात नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००५ साली हे मोजून प्रसिद्ध केलं. उन्हात उभ्या गाडीत एका तासात सरासरी २२ अंश सेल्सियस वाढ झाली, आणि त्यातली ८० टक्के पहिल्या अर्ध्या तासातच. काचा थोड्या उघड्या ठेवून बघितल्या तरी फारसा फरक पडला नाही. तोच हिशोब आपल्या ४० अंशांच्या दुपारला लावा, अर्ध्या तासात आत ५७ च्या आसपास. म्हणजे दादानं खाली घेतलेल्या दोन बोटं काचांचा गुंड्याला काहीच उपयोग झाला नव्हता.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडासा पंजाच्या गाद्यांना येतो. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर, जिभेवरचं आणि श्वासमार्गातलं ओल वाळलं की शरीर गार होतं. आता बंद गाडीत त्याच्याच श्वासानं हवा दमट होत जाते, मग ओल वाळणार कशी? धापा वाढतात, त्यानं अंग अजून तापतं आणि ते चक्र थांबत नाही. पग, बुलडॉग, शित्झू असली चपट्या नाकाची कुत्री, पर्शियन मांजरं, म्हातारी, जाड किंवा हृदयाचा त्रास असलेली जनावरं, यांना तर हे फारच लवकर होतं.

पायरी १: निर्णय घरातून निघतानाच घ्या

माझं मत विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, कारण एकदा भर दुपारी सात रस्ता चौकात पोचल्यावर तुमच्या हातात चांगला पर्याय उरतच नाही. निघायच्या आधी एकच विचारायचं, आपण जिथे थांबणार तिथे कुत्र्याला आपल्यासोबत आत नेता येईल का? बँक, दवाखाना, मंगल कार्यालय, नाही ना? मग घरी ठेवा. फरशीची खोली, पडदे ओढलेले, पंखा किंवा कूलर चालू आणि दोन वेगवेगळ्या भांड्यांत पाणी, कारण एक सांडतंच. आपल्याकडची हवा कोरडी असते त्यामुळे कूलर चांगला चालतो, फक्त खिडकी थोडी उघडी असू द्या. त्याला एकट्याला वाईट वाटेल म्हणून सोबत घेतो असं बरेच जण म्हणतात, मीही म्हणायचे. पण घरी त्याला फार तर कंटाळा येईल.

तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर ही आपली नेहमीची फेरी. देवळात कुत्रं नेता येत नाही आणि दर्शनाची रांग किती वेळ घेईल हे कुणाच्या हातात नसतं. अशा वेळी घरात कुणीतरी मागे राहावं, किंवा शेजाऱ्यांकडे किल्ली द्यावी. न्यायचंच असेल तर आळीपाळीनं दर्शन घ्या, एकानं कुत्र्यासोबत गाडीच्या बाहेर, झाडाखाली थांबायचं. बाहेर, हे मुद्दाम लिहिलंय.

पायरी २: रस्त्यात थांबावंच लागलं तर

पुण्याला जाताना अडीचशे किलोमीटरमध्ये चहाला, टॉयलेटला थांबणं होतंच. दोघं असाल तर एकानं उतरायचं, दुसऱ्यानं कुत्र्याजवळ. एकटे असाल तर कुत्र्याला पट्टा लावून सोबत उतरवा आणि बाहेरच बसायची सोय असलेल्या ठिकाणीच थांबा. उतरवताना आधी तळहाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सहन झालं नाही तर त्याच्या पायालाही होणार नाही, मग मातीवरून किंवा गवतावरून न्या.

एसी चालू ठेवून गाडी लॉक करून जाणं हा उपाय नाही हो. उभ्या गाडीत इंजिन तापून एसी बंद पडू शकतो, गाडीच बंद पडू शकते, कुत्र्याचा पाय बटणावर पडून काच खाली जाऊ शकते. तुम्ही आत जेवताय, कळणार कसं? आणि सावलीचं म्हणाल तर कडुनिंबाखाली बाराला लावलेली गाडी एक वाजता उन्हात असते. तसंही बाहेरची हवाच ४२ असेल तर सावलीत गाडी ४२ च्या वरच राहणार, कुत्र्याचं नॉर्मल अंग मात्र साधारण ३८.३ ते ३९.२ अंश.

पायरी ३: दुसऱ्याच्या गाडीत जनावर दिसलं तर

बघून पुढे जाऊ नका. गाडीचा नंबर, रंग, कंपनी बघा आणि समोरच्या दुकानात, हॉटेलात, कार्यालयाच्या वॉचमनला सांगा. लग्नात तर माईक असतोच, नंबर पुकारायला लावा, बहुतेक वेळा मालक धावत येतो. तेवढ्यात दुसऱ्या कुणाला तरी गाडीपाशीच उभं करा. मालक सापडत नसेल तर ११२ ला फोन करा, काय दिसतंय ते नीट सांगा, जनावर उठतंय का, प्रतिसाद देतंय का.

काच फोडायची वेळ आलीच, म्हणजे जनावर कोलमडलंय आणि कुणीच पोचत नाहीये, तर फोनवर पोलिसांना तसं सांगून, दोन-तीन माणसं साक्षीला ठेवून, व्हिडिओ काढत करा. जनावर ज्या बाजूला आहे त्याच्या उलट बाजूची दाराची काच, आणि फटका कोपऱ्यात. समोरच्या मोठ्या काचेच्या नादी लागू नका, ती थर चिकटवलेली असते, तडकते पण पडत नाही. हाताला जाड कापड गुंडाळा, आणि दार उघडायच्या आधी गळ्यात अडकवायला दोरी किंवा ओढणी हातात ठेवा, घाबरलेलं कुत्रं चावू शकतं किंवा सरळ रस्त्यावर पळतं.

कायदा आहे, १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. पण त्यातल्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. त्यामुळे दंडाच्या भीतीनं लोक सुधारतील याची वाट बघू नका, तिथल्या तिथे तुम्हीच बोला.

पायरी ४: ऊन लागलंय हे ओळखा

न थांबणाऱ्या जोरजोरात धापा, चिकट लाळ, हिरड्या गडद लाल, नंतर फिकट किंवा निळसर, झोकांड्या, उलटी, जुलाब, नजर हरवल्यासारखी, शेवटी कोसळणं किंवा झटके. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर तेवढंच पुरे, मांजर सहसा असं करत नाही.

पायरी ५: आधी गार करा, मग डॉक्टरकडे

इथे जवळपास सगळे चुकतात, आम्हीही आधी उचलून गाडीत टाकायलाच निघालो होतो. ब्रिटनमधल्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजचे पशुवैद्य हेच सांगतात की पहिल्यांदा गार करा आणि मग न्या, कारण अंग जितका वेळ तापलेलं राहतं तितकं आतलं नुकसान वाढतं.

सावलीत घ्या आणि पाणी ओता, भरपूर. मान, पोट, काखा, जांघा, सगळीकडे केसांच्या आत कातडीपर्यंत पोचलं पाहिजे. सोबत वारा घाला, पंखा, पुठ्ठा, जे असेल ते. पाण्याचं मात्र बघा, मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, ते ओतू नका. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही म्हणून घराघरात हौद, पिंप भरलेलं असतं, ते घ्या, नाहीतर दुकानातला जार. गार पाण्यानं शॉक बसतो हे जुनं सांगणं मनातून काढून टाका. तरुण, तब्येतीनं चांगलं आणि शुद्धीवर असलेलं कुत्रं तोंड वर धरून गार पाण्याच्या टबात बसवलं तरी चालतं.

टॉवेल. सोलापूरचं घर म्हटल्यावर टेरी टॉवेल हाताशी असतोच आणि पहिला विचार तोच येतो, ओला करून पांघरायचा. माझ्या आत्यानं तेच केलं, मायेनंच केलं. पण पांघरलेला टॉवेल मिनिटाभरात गरम होतो आणि अंगातली वाफ अडवून धरतो. टॉवेल खाली अंथरा, वर फक्त पाणी आणि वारा.

शुद्धीवर असेल तर पाणी पुढे ठेवा, स्वतः पिईल तेवढंच, जबरदस्तीनं तोंडात ओतलं तर फुफ्फुसात जातं. कांदा चारू नका, तो कुत्र्या-मांजरांना विषारी असतो. ताप आहे म्हणून पॅरासिटामॉल तर अजिबात नाही, मांजर त्यानं मरू शकतं आणि या तापाला ती गोळी लागूही पडत नाही. थर्मामीटर असेल तर गुदद्वारातून मोजा, ३९.५ च्या आसपास आलं की पाणी थांबवा.

पायरी ६: बरा दिसला तरी दाखवा

दहा-पंधरा मिनिटांत गुंड्या उभा राहिला, शेपूटसुद्धा हलवली, आणि सगळे म्हणाले आता घरी नेऊ. नशीब दादानं ऐकलं नाही. ओल्या अंगानंच, काचा उघड्या आणि एसी फुल करून आम्ही दवाखान्यात गेलो, तिथे ताप मोजला तर अजून ४०.३. डॉक्टरांनी समजावलं की किडनी, लिव्हर आणि रक्त गोठण्याची यंत्रणा यांचा बिघाड एक ते तीन दिवसांनी वर येऊ शकतो. त्यामुळे सलाईन, रक्ताची तपासणी, आणि घरी तीन दिवस लघवीचा रंग बघायचा, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके येतात का बघायचं, शी रक्त मिसळलेली आहे का बघायचं. यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघायचं.

आणि हे आजच करा, आपल्या प्राण्यांच्या डॉक्टरला फोन लावून विचारा की रविवारी दुपारी दोन ते पाच तुम्ही असता का, आणि नसाल तर कुणाकडे जाऊ. जो नंबर मिळेल तो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये सेव्ह करा, काकूंच्या सुद्धा.